वरची ओळ

उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी एस्तेरच्या पोटाला यंत्र टेकवलं. ठोके उमटले आणि ओळखपत्र बाहेर पडलं: किरण साळवे, नागरिक, वय नऊ आठवडे. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. तिची मोठी जाऊ शलोमी मात्र आतून जळत होती.

सहा वर्षांपूर्वी, पोटातल्या बाळाला नागरिक मानणारा हा कायदा नसताना, शलोमीचं चार महिन्यांचं बाळ पोटातच गेलं होतं. तेव्हा हेच पाळकसाहेब म्हणाले होते, “नाव नाही, दाखला नाही. मातीचा विधी कसा करू, बाई?”

आता त्यांनी मंडळीच्या नोंदवहीत साळव्यांच्या घराचं कोरं पान उघडलं. “घरातलं पहिलंच लेकरू ना?”

“हो,” एस्तेर लाजत म्हणाली.

“दुसरं!” शलोमीने वहीवर हात ठेवला. “वरची ओळ माझ्या जोएलची. ती आधी भरा, मग हिच्या बाळाचं लिहा.”