मॉडेल आपापली आणावी

ऊर्मीचा मेसेज वाचला आणि सलोनीने फोन सोफ्यावर आपटला.

‘अगं, तुझ्या घरून फोन आला होता, दुसरी मॉडेल मिळाली म्हणे. बरंच झालं, आम्ही ओटावाला निघालोय. बेस्ट ऑफ लक!’

परीक्षा उद्यावर आली होती आणि ऊर्मीशिवाय दुसरी मॉडेल वगैरे कोणी नव्हती.

एस्थेटिशियनच्या डिप्लोमाचं प्रॅक्टिकल होतं. फेशियल, वॅक्सिंग, भुवया. कॅनडातल्या किचनर गावच्या त्या कॉलेजचा नियम साधा होता: मॉडेल आपापली आणायची, आणि तिच्या भुवयांना महिनाभर कोणी हात लावलेला नसावा. मॉडेल नाही तर परीक्षा नाही. पहिल्या खेपेला मैत्रीण गौरांगी येणार होती. तिलाही असाच घरून फोन गेला. उद्याची खेप शेवटची. ही हुकली की सगळा कोर्स पहिल्यापासून, आणि स्पामध्ये कबूल झालेली नोकरीही गेली.

घरून म्हणजे कोणाचा, हे काय विचारायचं? दिवसभर घरात असतं कोण?

सलोनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तशीच किचनमध्ये शिरली. सासूबाई, सुनंदाबाई, मेथी निवडत बसल्या होत्या. मायक्रोबायोलॉजी शिकलेली सून लोकांचे पाय घासणार, हे ऐकून याच बाईंनी दोन दिवस अबोला धरला होता. अलीकडे तर त्यांनी स्वतःच्या भुवयासुद्धा वाढवून ठेवल्या होत्या. सलोनीने आपणहून विचारलं, तर म्हणाल्या, “आत्ता नको.” प्लाझातल्या पंजाबी बाईकडे इतकी वर्षं भुवया करायला नेमाने जात, तिथेही जाणं बंद. सुनेच्या धंद्यावर बहिष्कारच तो, दुसरं काय?

“झालं समाधान, आई? ऊर्मीलाही कटवलंत.”

बाईंनी वर पाहिलं. “ऊर्मीलाही फोन गेला?”

“जसं काही तुम्हाला माहीतच नाही!”

बाई पुन्हा मेथीकडे वळल्या. चार काड्या निवडून झाल्यावर म्हणाल्या, “उद्या किती वाजता आहे?”

“नऊला! करा, कॉलेजलाही फोन करा. एवढंच राहिलंय.”

ती पाय आपटत वर गेली.

संध्याकाळी ऑफिसमधून आल्यावर नवऱ्याने, नंदनने, सगळं ऐकून घेतलं. चहा करून आणला. रडून लाल झालेले तिचे डोळे पाहून तो तिच्याजवळ बसला. नंदनचं हे एक बरं होतं, तो कधी आवाज चढवत नसे.

“आईला आता काही बोलू नकोस. उगाच वाढेल. मी बघतो.”

“बघतो बघतो म्हणून एक परीक्षा गेली माझी!”

“मग काय झालं? पुढच्या वर्षी दे. घाई कसली आहे, माझा जॉब आहे ना?”

“मी उद्या जाणार. हातापाया पडेन, पण जाणार.”

“मॉडेलशिवाय जाऊन काय करणार, सलोनी? बरं, नाराज होऊ नकोस. सोडतो मी.”

सकाळी सुनंदाबाईंची खोली बंद होती. तोंड दाखवायची लाज वाटत असेल, असं म्हणत सलोनीने बूट चढवले. बाहेर बर्फ भुरभुरत होतं. नंदनने तिला कॉलेजच्या दारात सोडलं आणि जाता जाता म्हणाला, “नाही जमलं तर लगेच कॉल कर, घ्यायला येतो.”

वर्गात सगळ्या मुली आपापल्या मॉडेलला बेडवर घेत होत्या. कोणाची बहीण, कोणाची रूममेट. सलोनीचा बेड तेवढा रिकामा. परीक्षक आयरीना हातात घड्याळ धरून समोर आली.

“युअर मॉडेल?”

“ऑन द वे,” सलोनी धडधडीत खोटं बोलली.

“टेन मिनिट्स. देन आय क्लोज द डोअर.”

दहा मिनिटं संपता संपता दार ढकलून कोणीतरी आत आलं. खांद्यावर बर्फ, डोक्यावर माकडटोपी. सुनंदाबाई. एकटीने कधी बसमध्ये न चढलेल्या.

सलोनी धावतच दाराशी गेली. “इथेही तमाशा करायचाय का?” ती दात खाऊन पुटपुटली.

“बेड कुठला तुझा?” बाईंनी टोपी काढली, कोट काढला आणि सरळ रिकाम्या बेडवर जाऊन आडव्या झाल्या. “महिन्याच्या वर झालं. एवढं वाढलेलं पुरेल ना?”

सलोनी बघतच राहिली. आयरीनाने वाकून त्या भुवया पाहिल्या, समाधानाने मान हलवली आणि पुढच्या बेडकडे गेली.

 सलोनीने राग आवरला, कपाळ पुसून घेतलं, वॅक्स लावलं आणि पट्टी ओढली. बाईंनी हूं की चूं केलं नाही.

“मला तुझं हे काम आवडत नाही,” त्या डोळे मिटूनच म्हणाल्या. “अजूनही नाही.”

“म्हणून आधी खोडा घालायचा आणि मग उपकार करायला यायचं?”

“मी कोणालाही फोन केला नाही.”

“खोटं बोलू नका, आई. आणि नसेल केला, तर कालच का नाही सांगितलंत?”

“काल तुला खरं वाटलं असतं?”

 सलोनी दुसऱ्या भुवईकडे वळली.

“मी बी.एड.ला होते,” बाई सावकाश म्हणाल्या. “एकदा ह्यांनी माझ्या कॉलेजात फोन केला आणि अगदी गोड आवाजात सांगितलं, की सुनंदाला आता जमायचं नाही, नाव कमी करा. मी जिन्यात उभी राहून ऐकत होते. परवा आपल्या बेसमेंटच्या जिन्यातही तशीच उभी होते गं... नंदन फोनवर अगदी त्याच्या बाबांसारखाच गोड बोलतो.”