न गळणारा साग

चैत्र अर्धा सरला तरी कौतिकाबाईच्या दारचा साग हिरवागार होता आणि आडात बादली नुसती खडखडत होती. अंगणातला पाला झाडून कंबर मोडते, म्हणून तिनंच ग्रामसभेत भांडून साऱ्या रानाला पानगळ थांबवणारी सुई टोचून घेतली होती. झाड पानं टाकतं ते उन्हाळ्यात तहान आवरायला, हे तिला आता कळत होतं. रान बारमाही पाणी ओढत होतं, आणि फांदी तोडली तर तुरुंग.

"आत्याबाई, गाव सोडू या," पोटुशी सून रुख्मा म्हणाली.

"सोडायला मी काय पाव्हणी आलेय? तोडायची बंदी आहे, खुडायची नाही. एकेक पान ओरबाडते मेल्याचं. धर शिडी!"

वर चढून तिनं पान ओढलं. देठ सुटेना. दोन्ही हातांनी हिसका दिला, तशी पानासंगं फांदीची साल हातभर सोलून आली. पान सुटायची जागाच झाडात उरली नव्हती.

"निघालं का हो?" रुख्मानं खालून विचारलं.

कौतिकाबाईनं डोंगरापर्यंत पसरलेलं हिरवं रान पाहिलं.

"बोचकी बांध," ती म्हणाली. "माझंबी बांध."

पण शिडी उतरायला तिचे पाय हलेनात.