बरगडीवरचा चेंडू

मृण्मयी क्रीजवर येताच समोरच्या संघाच्या कॅप्टनने एक फिल्डर तिच्या अगदी जवळ आणून उभी केली. मृण्मयीने सीमारेषेकडे पाहिलं. त्या संघाचे कोच तिचे बाबा होते.

दोन वर्षांपूर्वी नेटमध्ये बाबांच्याच चेंडूने तिची बरगडी मोडली होती. रणजी खेळलेला हात तो. तेव्हापासून छातीवर चेंडू आला की तिचे डोळे मिटायचे. हे डोळे मिटणं फक्त तिला आणि बाबांना ठाऊक होतं; आईलाही त्यांनी सांगितलं नव्हतं.

पहिलाच चेंडू छातीवर आला. डोळे मिटले. बॅटला लागून उडालेला झेल त्या फिल्डरने अलगद टिपला.

परतताना सीमारेषेपाशी बाबा खाली बघत म्हणाले, "त्यांचा कोच आहे ना मी. उद्या नेटवर ये, ती भीती घालवू."

"नको, बाबा. मला अजून काय जमत नाही, ते तुम्हाला कळायला नको."