मागचं सगळं धूसर

मनीषला फोटोग्राफीचा क्लास लावून तीन रविवार झाले होते, म्हणजे त्याच्या मते आता शिकायचं फारसं काही उरलं नव्हतं. त्यामुळे मारुंजीतले त्याचे घरमालक भिवाजीअण्णा जेव्हा म्हणाले, "शेतात एक फोटू काढ," तेव्हा त्याने बांधावरच शिकवणी सुरू केली.

"हे अ‍ॅपर्चर, अण्णा. लेन्सची खिडकी समजा. ती मोठी उघडली की माणूस लख्ख येतो आणि मागचं सगळं धूसर होतं."

अण्णांनी मान हलवली. मान हलवणाऱ्याला समजलेलंच असतं, हा मनीषचा ऑफिसातला अनुभव.

आठवड्याने त्याने मोठी फ्रेम करून आणली. मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा! अण्णांनी फोटो उजेडात धरला, उपरण्याने काच पुसली, परत पुसली.

"इहीर कुटं हाय? आन् जांभूळ?"

"मुद्दाम धूसर केलंय, अण्णा. तुम्ही कसे उठून दिसताय बघा!"

"माझं थोबाड आरशात रोज दिसतंय रं. त्यासाठी शेतात कशाला गेलो असतो?"

मनीषचा सगळा क्लास तिथेच उतरला. "उद्या परत काढू. खिडकी बारीक ठेवतो, मागचंही लख्ख येईल."

अण्णांनी फ्रेम भिंतीला टेकवून ठेवली.

"ठेव कितीबी बारीक. बिल्डरनं आज सकाळीच जेसीबी फिरवला तितं."