गाड्या बंद, तो रविवार

"आज राहू द्या, बाबा. हवेचा आकडा कालच्यापेक्षा चढलाय," वैजयंती मोबाइल बघत म्हणाली.

"हवा तुझ्या खात्याची, गळा माझा! फेटा बांधून झालाय, आता माघार नाही." दामोदरबुवा हसले आणि हसता हसता खोकू लागले.

तिला हसू आलं नाही. या इटालियन शहरातली हिवाळी हवा बुवांच्या गळ्याला सोसायची नाही, त्यांना लगेच गावी धाडा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तिनंच त्यांना थांबवून घेतलं. पालिकेच्या हवा विभागात भांडून तिनं या रविवारी शहरभर गाड्या बंद करवल्या होत्या. हवा निवळेल आणि इथल्या मराठी मंडळातलं बुवांचं कीर्तन पार पडेल, अशी तिची आशा. गाड्या खरंच बंद होत्या, भर रस्त्यात मुलं सायकली फिरवत होती. पण वारा पडला होता आणि घराघरांतल्या शेगड्यांचा धूर जागचा हलत नव्हता.

मंडळाच्या सभागृहात बुवांनी नमन धरलं. दुसऱ्या चरणाला आवाज चिरकला, तिसऱ्याला निघालाच नाही. त्यांनी हात उंचावून खूण केली, तशी मंडळी प्रेमानं टाळ्या वाजवत विठ्ठलनामाचा गजर करू लागली. बुवांचे नुसते ओठ हलत राहिले. तिनं पाणी नेऊन दिलं. एक घोट घेऊन ते ओशाळल्यासारखे हसले, झांजा तिच्या हातात ठेवल्या आणि श्रोत्यांत जाऊन मांडी घालून बसले.

चाळीस वर्षांत बाबा कीर्तन अर्धं टाकून कधी बसले नव्हते. ती झांजा धरून कडेला उभी होती. नारदाच्या गादीवर आता कुणीच उभं नव्हतं; गजर तेवढा चालू होता.