दोष पिकअपचाच

माझ्या बेस गिटारचे, तारांचा आवाज पकडणारे पिकअप काढण्याआधी दुरुस्ती करणाऱ्या इरफाननं त्यांवर स्क्रूड्रायव्हर टेकवला. स्पीकर ‘ठक्’ करून खणखणीत बोलला.

“काका, हे तर ठणठणीत आहेत!”

“काहीतरीच काय! ऑर्केस्ट्रातले सगळे म्हणतात, पिकअप गेले म्हणूनच गिटारचा आवाज बसलाय. आमच्या गायिकेनं, शुभदानं, नवे मागवूनसुद्धा दिले.”

त्यानं नवे बसवले आणि स्क्रू फिरवून तारांच्या अगदी जवळ आणले. “यांना तांब्याचे वेढे जास्त आहेत. तारेला नुसतं शिवलात तरी बोलेल. शुभदाताईंनी फोनवर बजावलंच होतं, की आजारपणानंतर काकांच्या बोटांत जोर राहिला नाही, पण त्यांना यातलं काही कळू...” त्यानं जीभ चावली.

मी हलकेच तार छेडली. कपाटाची काच थरथरली. मी जुने पिकअप उचलून खिशात टाकले.

संध्याकाळी तालमीत पहिलं गाणं संपल्यावर शुभदा म्हणाली, “बघा काका, दोष पिकअपचाच होता ना?”

“पार मेले होते गं,” मी म्हणालो आणि खिशातून डोकावणारे जुने पिकअप आत सारले.