आई जुने फोटो

स्वयंपाकघरात आई भांडी घासत होती. बाहेर बाबा पेपर वाचत होते आणि त्यांचा नोकरदार मुलगा लॅपटॉपवरचा पसारा आवरत होता.

"माझे फोटो पुसलेस तर बघ हं!" आई आतून ओरडली.

"दुसरीकडे ठेवलेत गं," म्हणत त्यानं कमांड दिली: काढून टाक, आई जुने फोटो.

एंटर दाबलं आणि त्यानं जीभ चावली. फोल्डरच्या नावाला अवतरणचिन्हं घालायची राहिली होती. ती नसली की मशीन नावाचे तुकडे पाडतं आणि एकेका शब्दाला वेगळी वस्तू समजतं.

तक्रार आलीच. 'जुने' नावाचं काही सापडलं नाही. 'फोटो' नावाचं काही सापडलं नाही.

'आई'बद्दल मात्र चकार शब्द नाही.

त्या नावाची फाईल तिथे कधी नव्हतीच. आणि मशीन गप्प बसतं ते काम झालं तरच.

भांड्यांचा आवाज थांबला होता. पाणी तेवढं वाहत होतं.

"आई?"

बाबांनी पेपरातून डोकं वर काढलं.

"नळ कुणी चालू ठेवला रे? घरात आपण दोघंच तर असतो."